फळीवरचा हात

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं मनचं रचलं. हे होते, म्हणजे माझे यजमान. सासूबाई होत्या, भिंतीला टेकून, पाय लांब करून. माझ्या वन्सं होत्या, यांच्या थोरल्या बहीण, बराकपूरहून सकाळच्या गाडीनं आलेल्या. खालची घरमालकीण होती, बंगाली विधवा बाई. तिला आम्ही सगळेच माशीमा म्हणायचो, म्हणजे मावशी. माझी थोरली लेक होती, चार वर्षांची, खाटेवर बसून चिंचोके मांडत होती. पोटात धाकटी होती, तिलाही धरा. आणि मी. पण सुरुवातीला मी खोलीत नव्हते. मला चहा करायला पाठवलं होतं.

एवढी माणसं. त्यातल्या आता मी आणि माझ्या दोघी लेकी राहिलो.

हे माझी नात लिहून घेतेय, धाकटीची मुलगी. ती कॉलेजात मनाचं शास्त्र शिकते. मी दुसरीपर्यंत गेले, सही करते, रामरक्षा वाचते, संपलं. मागे एकदा ती म्हणाली, "आजी, तुझा काही दोष नव्हता गं. सोसवत नाही ते मन आपोआप झाकून टाकतं. तुला कळतच नव्हतं." प्रेमानं म्हणाली. मला राग आला. म्हटलं, बस इथं आणि लिही. काय कळत होतं आणि काय नव्हतं ते मी सांगते.

यांची नोकरी सरकारी हिशेबाच्या कचेरीत. लग्न होऊन वर्षभर मी साताऱ्याला होते, मग यांच्या बदलीच्या मागून कलकत्त्याला आले. बागबाजारला वरची खोली भाड्यानं मिळाली, गंगा जवळ. नळ खाली, जिना अरुंद. पाणी मी वर आणायची. सगळ्याच बायका आणायच्या, त्याचं काय सांगायचं. देश स्वतंत्र झाला त्याच्या आधीच्या थंडीत थोरली झाली. शहरात दंगली होऊन गेल्या होत्या, लोक संध्याकाळी दारं लावून बसायचे. पोर फार शांत. रात्री कुणी आरडलं तरी ही गाढ झोपलेली. सासूबाई म्हणायच्या, "गुणाची आहे, शहाण्या वेळेला आली."

दोन वर्षांची झाली तरी बोलेना. आमची मराठी घरं तिथं मोजकी. त्या घरांतली सगळी पोरं उशिराच बोलायची. घरात मराठी, गल्लीत बंगाली, दूधवाल्याशी हिंदी. पोर बिचकायचं, कुठली धरू आणि कुठली सोडू. एका घरातला मुलगा तर तीन वर्षांचा होईस्तोवर मुका म्हणून गाजला होता, आणि पहिलं बोलला ते दूधवाल्याशी, "पानी मत मिलाओ." आई रोज म्हणायची तेच. सगळे पोट धरून हसले होते. म्हणून आमच्याकडे कुणाला काळजी नव्हती. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "इथल्या मुलांचं असंच. आधी गप्प, मग तोंड बंद होत नाही."

सासूबाईंनी मग घरात नियम केला. पोरीच्या कानावर एकच भाषा पडायची, मराठी. माशीमा दुपारी वर यायची, पोरीला "शोना, शोना" करायची. शोना म्हणजे सोनं. तिला सासूबाईंनी दारातच अडवलं. त्यांची हिंदी अशी, "तुम उससे बात मत करो. उसका डोका बिघडता है."

माशीमाला लागलं. पण ती यायची थांबली नाही. तोंडानं बोलायचं नाही ना, मग हातानं बोलायला लागली. दोन्ही तळवे गालाखाली धरले म्हणजे झोप. बोटं तोंडाशी नेली म्हणजे जेवण. नाकावर बोट फिरवलं म्हणजे सासूबाई, त्यांच्या नथीवरून. लग्नातल्या फोटोत त्यांची नथ होती, आणि तो फोटो भिंतीवर होता. पोर महिन्याभरात हे सगळं शिकली. माझ्या सासूबाईंनी भाषा बंद केली आणि पोरीला पहिली भाषा मिळाली ती अशी.

आता कळलं कधी ते. नात हेच विचारते.

वन्संकडे बराकपूरला निघालो होतो. सियालदहचं स्टेशन तेव्हा कसं होतं ते पाहिलेल्यालाच माहीत. फाळणीत सरहद्दीपलीकडून आलेली माणसं फलाटावर संसार मांडून बसलेली, चुली, पोरं, पोटल्या, पाय ठेवायला जागा नाही. आम्ही त्यांच्यातून वाट काढत गाडीशी आलो आणि इंजिनानं अगदी जवळ शिट्टी दिली. फलाटावरची सगळी लहान पोरं एकदम रडायला लागली. मी स्वतः दचकले. माझी लेक माझ्या खांद्यावर होती, जागी होती, वर छपरातल्या पारव्याकडे बघत होती. तिची पापणी हलली नाही.

मी तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. यांना म्हटलं, "धीट आहे."

हे म्हणाले, "हो. धीट आहे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. गाडीत चढलो.

त्यानंतर मी काय केलं ते ऐका. आमच्याकडे एक रुंद खाट होती, फळ्यांची. तिथले लोक तिला तक्तपोश म्हणतात. पोर त्यावर बसलेली असली की मी शेजारी टेकायची, तळवा फळीवर ठेवायची, हाक मारायची आणि हाकेबरोबर फळीवर हलकेच थाप द्यायची. पोर वळून बघायची. मी म्हणायची, "बघा, ऐकते." सासूबाई म्हणायच्या, "ऐकते गं बाई." हे कचेरीतून आले की मी त्यांनाही दाखवायची. थाप पदराखाली असायची.

ती जमिनीवर असताना मी कधी हाक मारली नाही. गच्चीवर असताना नाही. पाठमोरी असताना तर कधीच नाही. हात धरून वळवायची, समोर बसायची, मग बोलायची. कुणी पाठीमागून तिला हाक मारायला लागलं की मी मध्येच काहीतरी काढायची, "अहो, दूध बघता का जरा," असं. मला कळतच नव्हतं तर या सगळ्या जागा मी बरोबर कशा टाळल्या? ज्या बाईला उतू जाणारं दूध बघायचं नाही, तिला दूध कुठं आहे ते माहीत असतं, म्हणून तर ती नेमकी तिकडे पाठ करते.

नात म्हणते, "आजी, नकळत होतं ते." लिही, मग माझं पण लिही. मन आपोआप डोळे मिटत असेल. पण मिटलेले डोळे दोन वर्षं मिटलेले ठेवायला जोर लागतो. तो जोर मी लावत होते. संध्याकाळी अंग दुखायचं माझं, पाण्याच्या घागरींनी दुखायचं त्याहून जास्त.

एकदा तिन्हीसांजेला माशीमा शंख घेऊन वर आली. रोज ती खाली देवापाशी शंख फुंकायची, त्या वेळी गल्लीत घरोघर फुंकतात. त्या दिवशी ती आली, पोरीच्या मागं उभी राहिली आणि जोरानं फुंकला. माझ्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडले. पोर चिंचोके मांडत होती. मांडतच राहिली.

माशीमा माझ्याकडे बघून म्हणाली, "बौमा." सूनबाई.

मी खाली मान घातली आणि तांदळातला खडा शोधायला लागले. तांदूळ निवडून झाले होते. त्यात खडा नव्हता.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि वन्संच्या डोक्यात आलं की हे असं चालायचं नाही. बाई करारी. त्यांचे यजमान छावणीत नोकरीला, चार साहेबांशी बोलणारे, त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांशी ठरवलं. डॉक्टरांनी पोरीच्या मागून घंटा वाजवली, लोखंडाचा चिमटा वाजवला, टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, जन्मापासून आहे, दोन्ही कान. इथं अशा मुलांची शाळा आहे, लवकर घाला.

दवाखान्याचा जिना उतरताना मी म्हटलं, "त्या घंटेला चीर होती. आवाज बद्द येत होता."

सगळे थांबले. हे, वन्सं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवसापासून घरात माझ्यासमोर हळू आवाजात बोलायला लागले. जशी मीच बहिरी.

आणि मग तो दिवस आला. वन्सं आल्या, पाणी प्यायल्या, आणि मला म्हणाल्या, "तू जरा चहा टाक." माशीमा दारात बसली होती, तिला मराठी कळत नाही म्हणून तिला कुणी उठवलं नाही. मी आतल्या बाजूला शेगडीपाशी गेले. मध्ये नुसता पडदा.

वन्सं म्हणाल्या, "माझे दीर चैत्रात गावी जाताहेत. त्यांच्याबरोबर पोरीला पाठवू. तिकडे म्हातारी चुलतसासू एकटी आहे. गोठ्यात शेणपाणी करील, दोन वेळ खाईल. इथं राहिली तर येणारं पोर हिचंच बघून मुकं निघेल."

हे म्हणाले, "ताई, पोरीची आई आकांत करील."

"करील दोन दिवस. दुसरं हातात आलं की विसरेल."

"तिला विचारायला तर पाहिजे."

"विचारून काय उपयोग? बघितलंस ना दवाखान्यात? घंटेला चीर म्हणे. अरे, तिचं मनच मानत नाही. तिच्या हातात नाही ते, बिचारीच्या. तिला विचारणं म्हणजे झोपलेल्या माणसाला विचारणं. आपणच ठरवायचं."

सासूबाई म्हणाल्या, "वेडी नाही हो ती. पण या एका गोष्टीत तिला शुद्ध नाही. तिला बोल लावू नका."

चहा वर आला आणि उतू गेला. मी भांडं उतरवलं नाही. निखारे चरचरले.

तोवर मला वाटत होतं, मी पोरीला जपतेय. बहिरी नाही म्हटलं की कुणी तिला नेणार नाही. आणि आता त्याच्याच जोरावर ते तिला नेणार होते. मी बाहेर जाऊन "ती ऐकते" म्हटलं असतं तर वन्सं म्हणाल्या असत्या, बघा, मी काय म्हणत होते. रडले असते तरी तेच. बिचारी म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला असता आणि पोरीला गाडीत घातलं असतं. एकच रस्ता होता. माहीत आहे म्हणायचं. आणि आजपासून नाही, पहिल्यापासून.

मी पडदा सारून आले. हातात चहा नाही बघून वन्सं म्हणाल्या, "काय गं?"

मी पोरीला खाटेवरून उचललं, खाली जमिनीवर, खिडकीकडे तोंड करून उभं केलं. तिच्या मागं उभी राहिले आणि तिला हाक मारली. नावानं. पाठीमागून. त्या घरात पहिल्यांदा. ती वळली नाही. परत मारली. मग अशी ओरडले की खिडकीतला कावळा उडाला. कावळा उडालेला बघून पोर हसली.

हे म्हणाले, "अगं, पुरे."

"पुरे नाही," मी म्हटलं. पोरीला परत खाटेवर बसवलं, पाठमोरी. शेजारी टेकले. पदर बाजूला केला, तोंड मिटलं, आणि फळीवर थाप दिली. पोर वळली, माझ्याकडे बघितलं.

"ही तिची ऐकायची जागा," मी म्हटलं. "आणि हा माझा हात. दोन वर्षं हाच हात वाजतोय. कुणाला दिसला नाही, कारण कुणाला बघायचा नव्हता."

सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई."

वन्संचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू आम्हाला फसवलंस?"

"हो."

"आणि स्वतःला?" हे यांनी विचारलं, हळू.

"मला सियालदहला कळलं होतं. तुम्हालाही. धीट आहे म्हणालात तुम्ही."

हे खाली बघायला लागले.

मी म्हटलं, "वन्सं, मी झोपलेली नाही. शुद्धीत आहे. जे ठरवायचं ते माझ्यासमोर ठरवा. माझं ठरलंय. पोर गावी जाणार नाही. डॉक्टर शाळा म्हणाले ते मी पण ऐकलं होतं. तिथं जाईल. मी घेऊन जाईन."

"या पोटाला घेऊन?" सासूबाई.

"या पोटाला घेऊन."

वन्सं उठल्या. "उद्या लोक म्हणतील, आईच खोटारडी."

"म्हणू देत. खोटारडी म्हणा. बिचारी म्हणू नका."

माशीमाला एक शब्द कळला नव्हता, पण हात कळला होता. ती दारातून उठून आली, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिनंही फळीवर थाप दिली. पोर तिच्याकडे वळली आणि तिला एक चिंचोका दिला. सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "हिला चहा द्या कुणीतरी." चहा कुठला? तो शेगडीत गेला होता. वन्सं तशाच गेल्या. हे त्यांना सियालदहपर्यंत सोडायला गेले आणि चालत परत आले. आल्यावर पोरीच्या शेजारी बसून फळीवर बोटं वाजवत राहिले. ती दर वेळी वळायची. त्यांना थांबताच येईना.

शाळा लांब. ट्रामनं जायचं. पोर ट्रामच्या लाकडी बाकाला दोन्ही तळवे लावून बसायची, ट्राम सुरू झाली की माझ्याआधी तिला कळायचं. शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "इतक्या उशिरा आणलीत?" मी म्हटलं, "हो. आधी मी आणली नाही." त्यांना वाटलं मी कारण सांगेन. मी कारण सांगितलं नाही.

शाळेत ओठ बघून बोलायला शिकवायचे, आणि ते बंगालीत. मराठी ओठ पोरीला वाचता येईनात. मग मीच बंगाली शिकले, माशीमाकडून, पोट सावरत जिन्यात बसून. सासूबाईंनी पण दोनचार शब्द उचलले, "भात खाबी?" एवढं त्या शेवटपर्यंत म्हणायच्या. घरात एकच भाषा हवी म्हणाल्या होत्या, तर झाली एकच. फक्त ती बंगाली झाली. धाकटी आली, ती मुकी निघाली नाही. ती तर जन्मली तीच बोलत असं हे म्हणायचे, आणि बोलायची अर्धं तोंडानं, अर्धं हातानं. अजून तशीच बोलते. लिहिणारीला विचारा.

थोरली शिवण शिकली, शाळेतच पुढं लहान मुलांना शिकवायला लागली. तिचं लग्न झालं नाही. पण तिच्या जन्माचा गोठा झाला नाही, तो मी होऊ दिला नाही. ती उशिरा बोलायला शिकली, तिचे काही शब्द अजून परक्या माणसाला कळत नाहीत. ती दोन वर्षं मी घालवली. ती माझी आहेत. कुणी काढून घेऊ नयेत, नातीनं नाही आणि तिच्या शास्त्रानं पण नाही. ती माझ्या हातात नव्हती म्हटलं तर पडदा सारून बाहेर आले तेही माझ्या हातात नव्हतं. तेव्हा पण मन आपोआपच उठलं म्हणा मग! एक माझं आणि एक मनाचं, अशी वाटणी मला चालत नाही.

नातीनं काल मला पकडलं. म्हणाली, "थाप द्यायची असं तू कधी ठरवलंस? तो दिवस सांग."

मला दिवस सांगता आला नाही. खरंच आठवत नाही. पहिल्यांदा हात आपला पडला असेल फळीवर, पोर वळली असेल, आणि मग पडत गेला. पण सासरी पहिल्यांदा डोक्यावर पदर घेतला तो मी हाताला सांगितलं म्हणून घेतला, मग हात आपोआप जायला लागला. म्हणून तो हात काय दुसऱ्याचा झाला? त्या दिवशी काढायचा म्हटल्यावर निघाला ना. जो हात मला काढता आला, तो ठेवलाही मीच होता.

"आणि वन्सं आल्या नसत्या तर?" ती म्हणाली. "काढला असतास?"

माहीत नाही. लिही, माहीत नाही म्हणून. ते खोडू नको.

ती बघतेय माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. मला नको ते पाणी. मी रडून हे सांगितलेलं नाही.

वाचणाऱ्याला एक सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी बाई, कुणी माणूस, समोरचं बघायला तयार नसेल, तर त्याला चहा करायला पाठवून मागं ठरवू नका. त्याला खोलीत बसू द्या, आणि त्यालाच विचारा.